सुताचा अष्टपाद

फोंडे महालातील एका देवस्थानाच्या जत्रेत यंदा खाजेवाल्यांच्या रांगेला लागूनच एक लहानसे दुकान आम्ही पाहिले. दुकान म्हणजे काय, तर एक घडीचे मेज, त्यावर पांढरी चादर, आणि चादरीवर सुताने विणलेल्या जलचरांची मांडणी. त्यांत कासवे होती, मासे होते, एक ढेरपोट्या देवमासा होता, आणि सर्वांपुढे निळ्या, पिवळ्या व शेवाळी रंगांचे अष्टपाद होते. शाळकरी मुले ज्याला ऑक्टोपस म्हणतात तोच हा प्राणी. कासवे भराभर खपत होती. त्यात नवल नाही. गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावून पुढे जाणाऱ्या भाविकाला कासवाची ओळख करून द्यावी लागत नाही. अष्टपादाला मात्र आमच्या पुराणांत कोणी आसन दिलेले नाही; त्याला केवळ मुलांचाच आधार.

अशाच एका मुलाचा हात धरून आलेल्या गृहस्थांनी किंमत विचारली. मेजामागच्या बाईंनी साडेतीनशे रुपये सांगितली. गृहस्थ म्हणाले, “इतल्याक साडेतीनशें? बाजारांत मशिनीचे शंबरांक मेळटात.” बाईंनी हातातले विणकाम खाली न ठेवता उत्तर दिले, “हें मशिनीर जायना.” गृहस्थ हसले आणि मुलाला घेऊन फुग्यांकडे वळले.

बाईंचे ते तीन शब्द अक्षरशः खरे आहेत, आणि या खेळण्याचा सगळा इतिहास त्यांतच साठलेला आहे. लोकरीचे दोन सुयांचे विणकाम यंत्राला केव्हाच साधले. इंग्लंडात विल्यम ली याने मोजे विणणारी चौकट १५८९ सालीच बनविली होती. क्रोशाचे काम मात्र अद्याप एकाही कारखान्याच्या यंत्राला बाजारासाठी करता आलेले नाही. ‘क्रोशे’ म्हणून ज्या यंत्राच्या झालरी दुकानांत वाराने मिळतात, त्या दुसऱ्याच जातीच्या विणीतून काढलेल्या नकला होत. प्रयोगशाळांतून खटपटी चालू आहेत, परंतु त्या अजून प्रयोगापलीकडे गेलेल्या नाहीत. तेव्हा बाजारात शंभर रुपयांना मिळणारा क्रोशाचा अष्टपादही कोणा तरी बाईने हातानेच विणलेला असतो. यंत्राचा म्हणून तो स्वस्त, असे गृहस्थांस वाटले. वस्तुतः तो स्वस्त असण्याचे कारण निराळे आहे, आणि ते शोधण्यासाठी आपणांस बरेच मागे जावे लागेल.

ज्यांनी ही कृती कधी जवळून पाहिली नसेल त्यांच्याकरिता ती आधी सांगणे अवश्य आहे. दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर उभे असतात. क्रोशास सुई एकच, तिच्या टोकास बारीक आकडा, आणि सुईवर कोणत्याही क्षणी एखाद-दुसराच फास. एक टाका पुरा झाल्याशिवाय दुसरा जन्मास येत नाही. साखळी, मुका खांब, खांब ही टाक्यांची मराठी नावे आमच्या घरांतील स्त्रियांनी ठेवली. ती कोणत्या कोशकाराने सुचविली नव्हती, आणि म्हणूनच ती इतकी नेमकी आहेत. अष्टपादाचे डोके मुक्या खांबांचे असते. दोऱ्याच्या सैल वेढ्यात सहा मुके खांब घालून वेढा आवळावयाचा. दुसऱ्या फेरीत बारा, तिसरीत अठरा, असे दर फेरीस सहा वाढवीत छत्तिसांवर जावयाचे. मग नऊ फेऱ्या न वाढविता सरळ घालावयाच्या, आणि शेवटी तीस, चोवीस, अठरा असे घटवीत आणून पोटात कापूस ठासावयाचा. प्रत्येक हातासाठी पन्नास साखळ्या घालून परत येताना दर साखळीत दोन मुके खांब विणावयाचे. असे आठ हात. आम्ही घरी येऊन हा हिशेब कागदावर मांडला, तेव्हा डोक्याचे ५२२ आणि हातांचे १,२०० मिळून १,७२२ टाके भरले. त्यांतील प्रत्येक मुक्या खांबासाठी आकड्याने दोरा दोनदा ओढावा लागतो. टोके आत लपविणे, डोळे भरणे, हात जोडणे हे धरून सराईत बाईलाही चार-पाच तास लागतात.

आता ही कला आली कोठून? कोणत्याही कलेला हजारो वर्षांची वंशावळ जोडण्याची हौस जगभर आढळते, आणि क्रोशाच्या वाट्यालाही ती आली आहे. कोणी तो अरबस्तानातून निघाला म्हणतात, कोणी दक्षिण अमेरिकेतून. चीनमध्ये पूर्वी क्रोशाच्या बाहुल्या होत असत, असेही एक मत आहे. ते खरे ठरते तर आमच्या अष्टपादास फार जुने पूर्वज लाभते. परंतु डेन्मार्कच्या लिस पालुदान या विदुषींनी या सर्व मतांची छाननी करून १९८० च्या दशकात जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात त्यांस इ. स. १८०० पूर्वी युरोपात क्रोशा असल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. पहिले छापील नमुने सापडतात ते ‘पेनेलोपे’ नावाच्या डच मासिकात, १८२३ च्या सुमारास, आणि तेही रेशमी बटव्यांचे. म्हणजे आमच्या आजीच्या आजीने आपल्या लहानपणी ही सुई पाहिली नसण्याचाच संभव अधिक.

मात्र या नव्या कलेचा एक पूर्वज आमच्याकडचा असावा, असे मानण्यास जागा आहे. अठराव्या शतकात पूर्वेकडून युरोपात एक भरतकाम गेले. डफासारख्या गोल चौकटीवर कापड ताणून आकड्याच्या सुईने खालचा दोरा वर ओढावयाचा आणि साखळीचा टाका घालावयाचा. फ्रेंचांनी त्याला आपल्या भाषेतील ढोलाच्या शब्दावरून ‘ताँबूर’ म्हटले. कच्छच्या मोच्यांचे आरीभरत ज्यांनी पाहिले आहे, आणि बडोद्याच्या आमच्या वाचकांपैकी अनेकांनी ते पाहिले असेल, त्यांस हे वर्णन ओळखीचे वाटेल. चामडे शिवण्याची आरी रेशमावर चालविणारी ही मंडळी. पुढे कोणाच्या तरी मनात आले की कापड काढून टाकले तरी साखळी साखळीला धरून राहते. या बिनकापडाच्या साखळीला फ्रेंचांनी ‘हवेतला क्रोशा’ असे गोड नाव दिले. तथापि यावरून ‘क्रोशा मूळचा आमचाच’ असा डंका पिटण्याचे कारण नाही. आरी आमची असेल. कापड फेकून देण्याचे धाडस त्यांचे.

बटवे विणणाऱ्या सुखवस्तू स्त्रियांच्या हातून ही सुई भुकेल्या हातांत गेली ती आयर्लंडात, आणि येथे आपणांस थोडे थांबले पाहिजे. १८४५ साली त्या देशात बटाट्यावर करपा पडला. गरिबांचे पोट बटाट्यावरच अवलंबून होते. पिकामागून पीक जमिनीत कुजले, आणि १८५२ पर्यंत दुष्काळ हटला नाही. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली, त्याहूनही अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या खानेसुमारीत ८२ लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांच्या आसपास उतरली. त्याच काळात त्या देशातून धान्य व गुरे बाहेर जातच होती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाच्या कथा ज्यांनी आपल्या घरांतील वृद्धांच्या तोंडून ऐकल्या असतील, त्यांस हे चित्र परके वाटणार नाही.

या संकटात कॉर्क शहराजवळच्या ब्लॅकरॉक येथील उर्सुलिन जोगिणींनी आणि मोनाहन परगण्यातील क्लोनेस गावच्या धर्मोपदेशकाच्या पत्नी कासांड्रा हँड यांनी आसपासच्या बायका-मुलींस क्रोशा शिकविला. व्हेनिसची सुईची जाळी म्हणजे श्रीमंतांच्या गळपट्ट्यांचे मौल्यवान लेणे. ती करावयास महिने लागत. तिचाच आभास क्रोशाच्या आकड्याने कितीतरी लवकर साधतो, हे ध्यानात आल्यावर हे काम घरोघर पसरले. एकीने फक्त गुलाब विणावयाचे, दुसरीने फक्त त्रिदल पाने, तिसरीने ती सर्व जाळीने सांधावयाची. ज्या झोपडीत चूल पेटत नव्हती त्या झोपडीतून लंडन-पॅरिसच्या मेजवान्यांसाठी गळपट्टे निघू लागले. रिएगो द ला ब्रांशार्दिएर या बाईंनी नमुन्यांची पुस्तके छापून हे ज्ञान मध्यमवर्गात नेले, तेव्हा एकच सुई एका घरी विरंगुळा झाली आणि दुसऱ्या घरी भाकर. हा दुहेरीपणा तिला पुढे कधीच सुटला नाही.

मिशनऱ्यांबरोबर ही सुई एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात आली. तिचे सर्वांत मोठे ठाणे झाले ते गोदावरीच्या मुखाशी. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावणारी आमची गोदावरी सागरास मिळण्यापूर्वी अनेक फाट्यांनी वाहते. त्यांपैकी वसिष्ठ गोदावरीच्या काठी नरसापूर हे गाव आहे. तेथे गरीब, नवख्रिस्ती स्त्रियांस मिशनऱ्यांनी जाळी विणावयास शिकविले. पुढे ही कला शेतकरी कापू समाजाच्या घरांत शिरली. बाईने शेतावर न जाता घरात राहणे ही तेथे प्रतिष्ठेची खूण होती, आणि क्रोशा ही घरात बसून होणारी कमाई. जाळी युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊ लागली.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस या १९७० च्या दशकाच्या अखेरीस नरसापूर भागात राहिल्या, आणि १९८२ साली त्यांनी तेथील जाळीकाम करणाऱ्या स्त्रियांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी जे पाहिले ते थोडक्यात असे: स्वयंपाक, पाणी, मुले सांभाळून बायका दिवसाचे सहा ते आठ तास जाळी विणीत, मजुरी नगावर, ती कोणत्याही किमान वेतनाच्या खाली, व्यापार सगळा पुरुषांच्या हाती, आणि सरकारदरबारी या हजारो बायकांची नोंद कामगार म्हणून जवळजवळ नाहीच. व्यापाऱ्यांच्या मते त्या गृहिणी होत्या, आणि जाळी हा त्यांचा फावल्या वेळेचा उद्योग. आठ तासांचा फावला वेळ! ज्या कामाला काम म्हणावयाचे नाही असे एकदा ठरले, त्याची किंमत काय द्यावयाची हेही आपोआप ठरून जाते. मीसबाईंच्या राजकीय मतांशी आमचा सर्वत्र मेळ बसेलच असे नाही, पण त्यांनी मांडलेला हा हिशेब खोडून काढणे आम्हांस तरी शक्य दिसत नाही. नरसापूरच्या जाळीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नाव सुरक्षित झाले ही आनंदाची गोष्ट आहे. मजुरीचा प्रश्न निराळा.

गोव्यात ही कला पोर्तुगीज नावानिशी आली. त्यांच्या भाषेतला ‘क्रोशे’ हा शब्द आमच्या कोंकणीत जसाच्या तसा रुळला. आधी ती चर्चच्या वेदीवरील वस्त्रांस आणि ख्रिस्ती घरांतील मेजांस शोभा देई. मग शेजारधर्माने म्हणा, शाळेतील शिवण-विणकामाच्या तासाने म्हणा, ती हिंदू घरांच्या माजघरात आली आणि तेथे तिने पूर्ण धर्मांतर केले. दारावरचे ‘शुभ-लाभ’चे तोरण, देव्हाऱ्यासमोरचा रुमाल, नैवेद्याच्या ताटावरचे जाळीदार झाकण, चौरंगावरचे आसन, सर्वत्र तीच सुई. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाड्यांत काय आणि बेळगावच्या चाळींत काय, सासरी येणाऱ्या मुलीच्या पेटीत क्रोशाचा एखादा रुमाल असावयाचाच. आमच्या आजोळी गणपतीच्या मखरावर चढणारी क्रोशाची झालर सोवळ्याच्या कपाटात ठेवीत, आणि ती मुळात जोगिणींच्या मठातून निघालेल्या विद्येने विणली आहे याची घरात कोणास दखलही नव्हती. ती असावयास हवी होती असेही आम्ही म्हणत नाही. धुतलेले सूत सोवळेच.

येथवर क्रोशा सपाटच राहिला होता. त्याला पोट, डोके आणि हातपाय मिळाले ते जपानात. पोर्तुगीज १५४३ साली जपानच्या किनाऱ्यास लागले. त्यांच्या व स्पॅनिश लोकांच्या पायांतील मोज्यांचे नाव जपान्यांनी उचलून ‘मेरियासु’ असा आपला शब्द घडविला आणि तो यंत्राने विणलेल्या कापडास लावला. ज्या राजसत्तेच्या गलबतांनी गोव्यास क्रोशा हे नाव दिले, तिच्याच गलबतांनी दूरच्या पूर्वेस मोज्यांचे नाव पोहोचविले, हा योगायोग आम्हांस मौजेचा वाटतो. विसाव्या शतकात जपान्यांनी विणणे आणि भरीव बाहुली या अर्थांचे दोन शब्द जोडून ‘आमिगुरुमी’ असे नाव घडविले, आणि मुक्या खांबांच्या मळसूत्री फेऱ्यांनी मोठ्या डोक्याची, लहान अंगाची खेळणी विणण्याची रीत रूढ केली. २००० नंतर ती जगभर पसरली. आमच्या जत्रेतील मेजावरची सगळी जलचर मंडळी याच घराण्यातील.

परंतु समुद्रातलेच प्राणी इतके का? याचे उत्तर गणितात आहे, आणि ते अष्टपादाच्या अंगावरच वाचता येते. दर फेरीस सहा टाके वाढविले तर विणलेली चकती सपाट राहते, पानावरच्या पापडासारखी. वाढविणे थांबविले की तिच्या कडा वळतात आणि वाटी होते, ते डोके. उलट लांबीला पेलवतील त्याहून अधिक टाके घातले, तर जादा टाक्यांस जागा कोठे? ती पट्टी मुरडते, पिळा घेते, ते हात. पन्नास साखळ्यांवर शंभर मुके खांब घातल्याने अष्टपादाचा हात आपोआप मळसूत्रासारखा वळतो, त्यास कोणी वळवावे लागत नाही. चकतीच्या प्रत्येक टाक्यात असेच दोन-दोन टाके घालीत गेले, तर तिला फुलकोबीसारख्या झालरी फुटू लागतात.

या झालरीत एक मोठे कोडे दडलेले होते. युक्लिडच्या नियमांपलीकडची, सर्वत्र फाकत जाणारी पृष्ठभूमी गणितज्ञांनी एकोणिसाव्या शतकात कल्पनेने मांडली होती. विद्यार्थ्यांच्या हातात मात्र ती देता येत नव्हती. कागदाचे नमुने करीत, ते फाटत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकविणाऱ्या दायना ताइमिना या लाटव्हियन विदुषींनी १९९७ साली तीच पृष्ठभूमी क्रोशाने विणून दाखविली. दर ठराविक टाक्यांमागे एक वाढवीत जावयाचे, इतकेच. लहानपणापासून हातात असलेली सुई त्यांनी गणिताच्या वर्गात आणली, आणि जे फळ्यावर दिसत नव्हते ते विद्यार्थ्यांच्या मुठीत आले. पुढे ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या मार्गारेट व क्रिस्टीन वर्थाइम या जुळ्या बहिणींच्या लक्षात आले की ही विणलेली झालर हुबेहूब पोवळ्यांच्या बेटासारखी दिसते. किंबहुना पोवळी, समुद्रगोगलगाई, शेवाळी यांची अंगे त्याच रीतीने वाढलेली असतात. त्यांच्या मायभूमीच्या किनाऱ्यावरील पोवळ्यांची महान भिंत तापत्या पाण्याने पांढरी पडत चालली होती. २००५ साली त्यांनी लॉस एंजेलिस येथे क्रोशाचे पोवळ्यांचे बेट विणावयास घेतले. नंतर देशोदेशींच्या हजारो स्त्रियांनी त्यात आपापली भर घातली. आम्ही पोवळे अंगठीत घालतो, मंगळासाठी. ते जिवंत असते आणि मरू शकते, हे आमच्यापैकी कितीजणांच्या ध्यानात असते कोण जाणे.

अष्टपादाचा खास इतिहास मात्र डेन्मार्कमधला आहे. २०१३ साली तेथे अपुऱ्या दिवसांच्या एका बालिकेसाठी क्रोशाचा लहानसा अष्टपाद विणून देण्यात आला. अशी बालके काचेच्या पेटीत असतात, अंगाला नळ्या व तारा लावलेल्या, आणि त्यांचे इवलेसे हात जे सापडेल ते धरून ओढतात. अष्टपादाचे पिळदार हात मुठीत आले की मूल त्यांस धरून राहते आणि नळ्या ओढीत नाही, असे परिचारिकांनी व आईबापांनी पाहिले. ते पिळे मुलास गर्भातील नाळेची आठवण देत असावेत, अशीही कल्पना निघाली. स्वयंसेवक स्त्रियांनी देशभर अष्टपाद विणून इस्पितळांस विनामूल्य पुरविले, आणि काही वर्षांत ही रीत इंग्लंड व इतर देशांत गेली. त्यांचे नियम कडक आहेत: सूत शंभर टक्के कापसाचे, साठ अंश उष्णतेच्या पाण्यात धुता येईल असे, ताणला तरी हात बावीस सेंटिमीटरांहून लांब नको, म्हणजे गळ्याभोवती वेढा बसणार नाही, टाके इतके घट्ट की आतला कापूस बाहेर येऊ नये, आणि डोळे दोऱ्याने भरलेले, मण्यांचे किंवा प्लॅस्टिकचे नव्हेत.

अष्टपादाने श्वास सुधारतो, हृदयाची गती नीट होते, असेही पुष्कळ ठिकाणी छापून येते. आम्ही ते येथे निश्चित म्हणून सांगणार नाही, कारण मोठ्या व नेटक्या चाचणीने ते सिद्ध झालेले नाही. आईच्या उघड्या छातीशी बाळ धरून ठेवण्याची पद्धत, जी १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा शहरी काचपेट्यांच्या टंचाईतून सुरू झाली, तिचे गुण मात्र भरपूर पुराव्याने सिद्ध आहेत. सुताचा अष्टपाद आईची जागा घेत नाही. आई घरी गेलेली असते, किंवा स्वतः शेजारच्या दालनात आजारी असते, त्या तासांत तो मुठीत असतो, एवढेच. आणि तोही परिचारिकेच्या नजरेखाली; घरी तान्ह्या मुलाच्या बिछान्यात झोपेच्या वेळी कोणतेच मऊ खेळणे ठेवू नये, असे वैद्य सांगतात, ते मानावे.

असा हा प्राणी जत्रेतल्या मेजापर्यंत आला. आयर्लंडच्या झोपडीत त्याची सुई होती, नरसापूरच्या ओसरीवर होती, आमच्या माजघरातही होती. डेन्मार्कच्या स्त्रियांनी तो मोल न घेता विणला, कारण त्यांनी तो तसा द्यावयाचे ठरविले होते. बाजारातील शंभर रुपयांच्या अष्टपादाबाबत असे कोणी ठरविलेले नसते. जत्रेतील बाईंना आम्ही विचारले, तेव्हा एका अष्टपादाला सूत व कापूस मिळून पाऊणशे रुपये लागतात असे त्यांनी सांगितले. मोठ्या व्यापाऱ्यास सूत स्वस्त मिळेल हे खरे. तरीही शंभरांतून सूत, वाहतूक, घाऊकवाल्याचा नफा, दुकानदाराचा नफा वजा करावा आणि उरेल ते १,७२२ टाक्यांवर वाटावे. घासाघीस करणारे ते गृहस्थ दुष्ट मुळीच नव्हते. देवळात त्यांनी दानपेटीत नोट टाकलेली आम्ही पाहिली होती, आणि त्यांच्याही घरी आई किंवा पत्नी क्रोशा विणीत असेल. घरचे विणकाम आपणांस फुकट मिळते, म्हणून त्याला किंमत नसते, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. त्या समजुतीचा तोटा दुसऱ्याच्या घरच्या बाईस होतो. आमच्या आजोळच्या झालरीची किंमत आम्ही तरी कधी केली होती?

दुसऱ्या दिवशी पालखी उतरल्यावर आम्ही पुन्हा त्या मेजाशी गेलो. आमच्या घरी आठ महिन्यांची नात आहे. मेजावरच्या अष्टपादांस काळे चकचकीत प्लॅस्टिकचे डोळे होते, ते पाहून आम्ही दोऱ्याने भरलेले डोळे मिळतील का म्हणून विचारले. बाईंनी एकदा आमच्याकडे पाहिले, मग पिशवीतून शाळकरी वही काढून निळा रंग, दोऱ्याचे डोळे, हात आखूड, अशी नोंद केली. वहीत आमच्या आधी सहा नावे होती. कधी मिळेल असे विचारता त्या म्हणाल्या, “रातीं रांदप-वाडप जातकच बसतां. आठ दीस लागतले.” साडेतीनशे रुपये आम्ही पुढे केले, तर त्यांनी निम्मेच घेतले, उरलेले वस्तू हाती आल्यावर द्या म्हणाल्या, आणि अर्धवट राहिलेल्या कासवाच्या पाठीवर पुन्हा सुई चालवू लागल्या.